बोंडाशिवाय नाव नाही

नलिनीताईंच्या हातात बांगडी एकच, पण तिच्यात सेफ्टीपिना चार-पाच लटकलेल्या. साडीच्या निऱ्यांसाठी नव्हेत हो, फुलं फाडायला. कॉलेजात कुणाचा सत्कार असो की निरोप समारंभ, ह्यांच्या हातात गुच्छ पडला की त्याचं आयुष्य संपलं. प्रमुख पाहुणे माइकवरून पोरांना चारित्र्य वगैरे शिकवतायत आणि ह्या बाई स्टेजवरच मांडीवर रुमाल पसरून एकेक फूल सोलतायत. एकदा पाहुण्यांचाच गुच्छ चुकून ह्यांच्याकडे आला. भाषण संपेपर्यंत त्याचा चिवडा. प्राचार्य डोळे वटारून माझ्याकडे बघत होते, जसं काही मीच ह्यांना पिना पुरवते!

मी केमिस्ट्रीची. माहेर चौलचं, सासरही चौलचं, दोन्हीकडे सुपारीच्या वाड्या. झाडांशी माझा संबंध भाजी निवडण्यापुरता. नलिनीताई बॉटनीच्या. अलिबागकडच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती आणि स्कूटर माझ्याकडे होती, एवढ्यावर आमची मैत्री. वयानं त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, बुटक्या, काळ्याभोर, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर शिकवताना खाली माझ्या पोरांना 'परागकण' ऐकू यायचे. मला त्या कधी नावानं हाक मारायच्या नाहीत. "काय चौलकरीणबाई, वाडीत बसून सुपाऱ्या मोजायच्या सोडून इथे कशाला आलीस?" अशी सकाळची सुरुवात.

स्कूटरवर त्यांना मागे बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. चालत्या गाडीवरून मध्येच ओरडायच्या, "थांब!" मी करकचून ब्रेक. मागून डंपरवाला आईबहिणीवरून सुरू. आणि ह्या उतरून गटाराच्या कडेला उकिडव्या बसलेल्या. एकदा रेवदंड्याच्या रस्त्यावर असंच झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ताई, मेले असते मी!" तर हातातलं रोपटं माझ्या नाकाशी धरून म्हणाल्या, "मरशील कशी? हे बघ आधी."

ते रोपटं म्हणजे चुंच. पावसाळ्यात बांधावर, उकिरड्यावर, कुठेही उगवणारं, पिवळ्या चिमुकल्या फुलांचं. आपली गोणपाटं ज्या ज्यूटची होतात त्याच्या ह्या रानटी बहिणी. ताईंचा जन्म ह्या बहिणींची ओळख पटवण्यात गेला. पानं सगळ्यांची जवळपास सारखी, बहुतेकींच्या पानाच्या बुडाशी दोन केसांसारख्या मिशा. फुलं सारखी. फरक कळतो तो बोंड धरल्यावर. एकीचं बोंड गोल आणि सुरकुतलेलं, एकीचं लांब, शिरांचं, टोकाला चोच. एकीच्या बोंडाला पंख आणि टोकाला फुटलेली तीन शिंगं, तर एकीची लहान लहान, लवदार, झुबक्यानं लागलेली. म्हणून ताईंचं वाक्य ठरलेलं होतं, "बोंडाशिवाय नाव नाही." हे वाक्य पोरांनी प्रयोगशाळेच्या दारामागे खडूनं लिहून ठेवलं होतं आणि खाली कुणीतरी वात्रटानं ताईंचं चित्र काढलं होतं, पिनांसकट. ताईंनी ते पुसू दिलं नाही.

परीक्षेत एका मुलीनं नुसत्या फुलांवरून नाव लिहिलं. नाव बरोबर होतं. ताईंनी मार्क कापले. मुलगी रडत माझ्याकडे आली, मी वकिली करायला गेले. "अहो, बरोबर आहे ना उत्तर?"

"बरोबर आलंय नशिबानं," ताई म्हणाल्या. "नशिबाचे मार्क मी देत नाही."

असल्या हट्टी बाईशी कोण डोकं लावणार! त्यांच्या तरुणपणी ह्या चुंचेचं कुळ वेगळं होतं. पुढे मोठ्या शास्त्रज्ञांनी ते मोडून तिला भेंडीच्या कुळात घातलं. त्या दिवशी ताई स्टाफरूममध्ये अशा येऊन बसल्या की मला वाटलं घरात कुणी गेलं. विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचं लग्न लागलं, आईला पत्ता नाही." दोन दिवस धुसफुसल्या. मग म्हणाल्या की पुरावा त्या शास्त्रज्ञांच्याच बाजूनं आहे, पानं शिजवली की भेंडीसारखी बुळबुळीत होतात हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं, आणि कपाटातल्या सगळ्या वाळवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या नव्यानं लिहायला बसल्या.

चिठ्ठ्यांचा त्यांच्या धंद्यात एक रिवाज आहे. झाड दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात आणि कोपऱ्यात नावाची चिठ्ठी लावतात. पुढे कुणाला ते नाव चुकलंय असं कळलं तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. तिच्या शेजारी नवी लावायची, बरोबर नाव लिहायचं आणि खाली स्वतःचं. चूक जिथली तिथे राहते, सगळ्यांना दिसेल अशी. मला हे फार भयंकर वाटायचं. आमच्यात बरं, परीक्षानळी धुतली की झालं.

एकदा रेवसहून लाँच पकडून ताई भाऊच्या धक्क्याला निघाल्या, मलाही ओढलं. मला वाटलं, खरेदी असेल. तर मुंबईतल्या एका जुन्या वनस्पतिसंग्रहात जाऊन त्यांनी विद्यार्थिनी असताना नाव दिलेला एक कागद काढायला लावला. कुणाच्या बापाला तीस वर्षांत त्याची आठवण आली नव्हती. ताईंनी आपल्याच चिठ्ठीशेजारी दुसरी चिठ्ठी लावली आणि परतीच्या लाँचवर मला दोन वडापाव खायला घातले. वाऱ्यावर केस उडत होते, चेहरा असा हलका की विचारू नका. "सुटले गं," म्हणाल्या.

ताईंनी लग्न केलं नाही. अलिबागला दोन खोल्या होत्या, पण त्या "घरी जाते" म्हणाल्या की ते घर म्हणजे धरमतरच्या खाडीकडेचं माहेर. आगरी शेतकऱ्यांचं गाव. खारेपाट. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा मोठा बांध, त्याच्या आत भात आणि भाताच्या बाजूला जिताडा मासे वाढवायचं तळं. आईवडील गेल्यावर तिथे धाकटा भाऊ जनार्दन आणि वहिनी रंजना. दर शनिवारी दुपारची एसटी धरून ताई जायच्या आणि रविवारी संध्याकाळी यायच्या तेव्हा त्यांची भाषाच बदललेली असायची. "काय गो, कशी हाय?" असं मला म्हणायच्या आणि मग सोमवारी सकाळपर्यंत हळूहळू शुद्ध होत जायच्या. जना त्यांना 'नले' म्हणायचा. जगात त्यांना नले म्हणणारा तो एकटाच उरला होता आणि ते त्यांना फार आवडायचं.

त्या गावच्या जमिनीवर भराव टाकून कंटेनरचं यार्ड करायचं ठरलं तेव्हापासून हे सगळं बिघडलं. गाव विरोधात होतं. बांध फुटेल, पाणी घरात येईल, तळी जातील, असं सगळं लिहून झालं. पण असली कारणं साहेबलोकांना पाठ असतात. आणि एका पावसाळ्यात जनाला बांधाच्या कडेला एक रोपटं दिसलं. बहिणीमुळे त्याचीही नजर तयार झालेली. ताईंना घेऊन गेला. मीही होते, जिताडा खायला म्हणून गेले होते.

"नले, ह्या बग. चुंच हाय ना? पन अशी कशी?"

ताई चिखलात गुडघे टेकून बसल्या. ती चुंच जमिनीला सरपटत होती. पानं जाड, मांसल, घोळीच्या पानांसारखी. देठ तांबडे. मिशा आखूड. ताईंनी एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "मी हे कधी बघितलं नाही."

संध्याकाळी देवळात गाव जमलं होतं. सरपंचांनी ताईंना खुर्ची दिली आणि सरळ विचारलं, "मॅडम, झाड नवीन हाय का? दुसरीकडं कुटं न्हाय?" सगळ्यांच्या नजरा ताईंवर. जना तर श्वास धरून उभा. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असावं."

बस, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरायला लागलं, जगात कुठेही नाही अशी वनस्पती आपल्या खारेपाटात, आणि सोबत ताईंचा फोटो. त्यातलं 'असावं' गावाच्या वेशीवरच गळून पडलं होतं. गावच्या वकिलानं यार्ड अडवायला तेच झाड अर्जाच्या डोक्यावर घातलं. मी स्टाफरूममध्ये विचारलं, "ताई, बोंड बघितलंत?"

"येईल की दिवाळीपर्यंत," असं म्हणून त्या कपाट आवरायला लागल्या.

पण खरं सांगते, त्या चार महिन्यांत ताईंइतकी सुखी बाई मी पाहिली नाही. गावानं त्या रोपट्यांभोवती मासेमारीचं जुनं जाळं लावून कुंपण केलं. बायका जाता-येता हात जोडायच्या. ज्या गावानं 'शिकली आन् बिनलग्नाची ऱ्हायली' म्हणून वर्षानुवर्षं नाकं मुरडली, तेच गाव आता 'आपली बाय' म्हणत होतं. रंजनावहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माज्या ननंदंनं शोधलंय." ताई नुसत्या हसत राहायच्या.

दिवाळीला बोंडं आली. बुटकी, वाकडी, फुगीर. पंख म्हणावे तर आहेत, म्हणावे तर नाहीत. ताईंनी ती टेबलावर मांडली, पिनेनं उघडली, भिंगातून पाहिली, आणि तोंडातून नुसतं "हं" निघालं. त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. शेवटी होळी झाल्यावर उन्हं तापली तशा एका सकाळी म्हणाल्या, "चौलकरीणबाई, मला खाडीच्या पाण्याइतकं खारट पाणी करून देशील? नेमकं हवं. चवीनं नको, मोजून."

त्यांच्या गॅलरीत रंगाचे रिकामे डबे मांडलेले होते. काहींत बांधावरच्या त्या झाडाचं बी आणि नळाचं गोडं पाणी. काहींत तेच बी आणि मी करून दिलेलं मिठाचं. आणि उरलेल्या डब्यांत आमच्या कॉलेजच्या मागे उकिरड्यावर वाढणाऱ्या साध्या चुंचेचं बी, तेही अर्धं गोड्यावर, अर्धं खाऱ्यावर. जिथे रोप तग धरेल इतकंच मीठ, पहिल्यांदा थोडं, मग वाढवत. दर दोन दिवसांनी मी कॅन घेऊन हजर. ताई डब्यांशी बोलायच्या नाहीत, मात्र बघत बसायच्या. आजारी माणसाजवळ बसतात तशा.

पाऊस लागायच्या सुमाराला कळलं. बांधावरच्या झाडाची पोरं गोड्या पाण्यावर सरळसोट, कमरेएवढी वाढली. पातळ पानं, लांब मिशा, बोंडाला छान पंख आणि टोकाला तीन शिंगं. आणि उकिरड्यावरच्या साध्या चुंचेची पोरं खाऱ्या पाण्यावर जमिनीला चिकटून बसली होती, जाड पानांची, तांबड्या देठांची, वाकड्या बोंडांची. गल्लोगल्ली मिळणारी साधी चुंच! ताईंनी दोन्हीकडची बोंडं तळहातावर घेतली.

"हे मिठानं केलंय गं," म्हणाल्या. "झाडानं नाही." आणि आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सुनावणी पुढच्याच महिन्यात होती. ताईंनी जनाला फोन केला, तो त्याच दिवशी आला. पेपरात गुंडाळून जिताडा आणला होता. गॅलरीत त्या डब्यांमध्ये पाट घेऊन बसला. मी चहा ठेवायला उठले तरी खोल्या एवढ्याशा, सगळं ऐकू येत होतं.

"तू येऊच नको," तो म्हणाला. "ताप आलाय सांग."

"आणि विचारलं तर?"

"तू नसशील तर कोन इचारील? नले, गप ऱ्हायला काय पैसं पडतात? तुला खोटं बोल कोन सांगतंय? गप ऱ्हा, इतकंच."

"अर्जावर माझं नाव आहे रे जना. मी म्हटलंय म्हणून त्यांनी लिहिलंय. मी बोंड न बघता बोलले."

"मंग आता बी नको बोलू!" त्याचा आवाज चढला. "तल्याचं काय? बापाच्या तल्याचं? बांधावर बाबानं माती टाकली, तू टाकलीस, डोक्यावर घमेलं घेऊन. इसरलीस?"

"नाही विसरले."

"मंग तुजं झाड मोठं का आमी?"

जना उठला. चहा घेतला नाही. जिताडा तिथेच राहिला, तो मी घरी नेऊन साफ केला, पण शिजवायला हात उचलेना. शेजारणीला दिला.

मीसुद्धा त्यांना कमी बोलले नाही. म्हटलं, "ताई, एका गवताच्या काडीपायी माहेर घालवू नका. कुणाचं काय बिघडतंय तुम्ही गप्प बसलात तर?"

"तू प्रयोगातले आकडे बदलतेस का गं?"

"पोरं पास व्हायला? हो तर! दरवर्षी बदलते."

ह्यावर त्या हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग ते पाणी थांबेना. मी आपली पाठीवर हात फिरवत राहिले. बाई खरंच घाबरली होती. हट्टी माणसं घाबरत नाहीत असं लोकांना उगाच वाटतं.

सुनावणी तालुक्याच्या गावी, एका कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. ताई निळी इरकल नेसून आल्या. गाव सगळं पुढच्या खुर्च्यांवर. वकिलानं झाडाचं मोठ्ठं पोस्टर आणलं होतं. अधिकाऱ्यानं विचारलं, हे झाड खरंच दुसरीकडे कुठे मिळत नाही का? वकील उठायच्या आत ताई उभ्या राहिल्या.

"मिळतं," म्हणाल्या. "माझ्या कॉलेजच्या मागे उकिरड्यावर मिळतं. नाव मी दिलं होतं, बोंड न पाहता दिलं होतं. चूक माझी आहे, गावाची नाही." मग घाईघाईनं, त्या एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाई, हळू आवाजात बोलत राहिल्या की झाड साधं आहे पण जमीन साधी नाही, हा बांध आमच्या आज्यापणज्यांनी घातलाय, तो दाबला तर भरतीचं पाणी मागच्या गावांत शिरेल, ते तरी लिहून घ्या. अधिकाऱ्यानं पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. यार्डवाल्यांचा एक टाय घातलेला पोरगा ताईंजवळ येऊन "थँक यू मॅडम" म्हणाला. मला वाटलं त्याच्या मुस्काटीत द्यावी. गावातली एक म्हातारी उठली, ताईंना नीट न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "ही आपलीच बाय ना गो?" आणि गाव उठून गेलं. जना सगळ्यांत पुढे.

ताईंनी दुसऱ्या दिवशी त्या झाडाच्या कागदावर नवी चिठ्ठी लावली. ह्या वेळी कुणी सुटल्यासारखं दिसलं नाही.

भराव पडला. पुढल्या पावसाळ्याच्या आत तळं बुजलं. वकील मला एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला की निकाल तसाही तोच लागला असता, झाडानं काही अडत नव्हतं. मी धावतपळत येऊन ताईंना हे सांगितलं, म्हटलं त्यांना बरं वाटेल. "ते मला कशाला सांगतेस," म्हणाल्या. "जनाला सांग." मी गेलेही सांगायला. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, त्याला ड्यूटीवर जायचं होतं. त्याच यार्डाच्या गेटवर त्याला वॉचमन लावला होता.

त्या बरोबर होत्या की चुकल्या, मला विचारू नका. मी अजून दोन्हीकडून भांडते. कधी रात्रीच्या भाकऱ्या थापताना मला त्यांचा असा राग येतो की पीठ आपटते. आणि कधी वाटतं, अशी एक तरी बाई आपल्या शेजारच्या टेबलावर बसत होती. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, ऐन थंडीत, ताई गेल्या. झोपेतच गेल्या. पण त्यांना आठवायचं म्हटलं की मला भराव पडला त्या वर्षीच्या गौरी आठवतात.

गौरीला माहेरचं बोलावणं येतं. त्यांना तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी आलं नव्हतं. सकाळी त्यांचा फोन, "मला सोडतेस का गं गावाला?" वहिनीसाठी साडी घेतली होती, पोरांसाठी पेढे. वाटेत मी ब्रेक मारायची वाट बघत होते, पण त्या पूर्ण रस्ताभर एकदाही थांब म्हणाल्या नाहीत. गावाच्या आत शिरताना बांधाच्या जागी पत्र्याची उंच भिंत आली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

जना ओट्यावर बसला होता, गणवेशाच्या निळ्या शर्टात, पायातले बूट बांधत. मी गाडी लावली. ताई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, हातात पिशवी. आतून गौरीच्या आरतीचा आवाज येत होता. रंजनावहिनी दारात आली, ताईंना बघून तिचा चेहरा एकदम उजळला, पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंच होतं, पण नवऱ्याकडे लक्ष गेलं आणि ती तिथेच थांबली.

"जना," ताई म्हणाल्या.

त्यानं बुटाची नाडी बांधून पूर्ण केली. वर न बघता बायकोला म्हणाला, "मॅडम आल्यात. पानी दे त्यांना."

वहिनी रडत रडत पाणी घेऊन आली. ताईंनी पिशवी ओट्याच्या कडेला ठेवली, पदर सावरला, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि अंगणात उभ्यानंच सगळं पाणी प्यायल्या. मग परक्या घरी आलेल्या बाईनं म्हणावं तसं शुद्ध मराठीत म्हणाल्या, "येते हं मी," आणि माझ्याकडे चालत आल्या.